मुठीएवढ्या डब्याचं राजकारण

यामाहाची आरएक्स १०० ज्यांनी चालवली, किंवा शेजारच्या पोराने पहाटे चालू केलेली ऐकली, त्यांना टू-स्ट्रोक इंजिनाच्या सायलेन्सरची ओळख करून द्यायला नको. गाडीच्या बगलेतून मागे गेलेली ती लांब नळी नुसता आवाज दाबत नाही; तिच्या पोटातल्या रचनेवर गाडीची ओढ ठरते. चेनसॉचं इंजिनही त्याच जातीचं. पण ते दोन्ही हातांत उचलून झाडाच्या बुंध्याला भिडवायचं असतं, त्यामुळे लांब नळीला जागाच उरत नाही. सिलिंडरच्या पुढ्यात, मुठीहून जरा मोठ्या पत्र्याच्या डब्यात सगळं उरकावं लागतं. अमेरिकेत वॉशिंग्टन आणि ओरेगनच्या डग्लस फरच्या रानांत हा डबा कापून आपल्या मनाजोगता बांधून घेणारे लाकूडतोडे आहेत, आणि तो बांधून देणारे कारागीरही.

हिशेब एका ठरावीक यंत्रावर मांडला तर नीट कळतो. स्वीडनच्या हुस्क्वार्नाची ३७२ एक्सपी घेऊ. पिस्टनचा व्यास ५० मिलिमीटर, धाव ३६ मिलिमीटर, म्हणजे ७०.७ सीसी. मोकळी पळवली तर मिनिटाला १३,५०० फेरे. सेकंदाला २२५ स्फोट! एका फेऱ्याला साडेचार मिलिसेकंदही मिळत नाहीत, आणि त्यात एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे धूर बाहेर जायचं दार, उघडं राहतं जेमतेम दोन मिलिसेकंद. पिस्टन खाली सरकला की जळका वायू बाहेर पडू लागतो आणि लगोलग पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण आत घुसतं. दोन्ही दारं एकाच वेळी उघडी, तेव्हा ताज्या मालातला बराचसा न जळताच निसटतो. जुन्या धाटणीच्या इंजिनांत हे नुकसान पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत जातं.

ते थोपवायचा नामी उपाय पूर्व जर्मनीत, चोपाऊच्या एमझेड मोटरसायकल कारखान्यात, वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात घोटून पक्का केला. बाहेर पडणाऱ्या वायूबरोबर दाबाची लाट धावते. नळी आधी फुगवून मग निमुळती केली, तर ती लाट निमुळत्या टोकावर आपटून मागे फिरते, आणि पोर्ट मिटायच्या आत पोचली तर निसटलेला माल पुन्हा सिलिंडरात ढकलते. १९६१ साली काडेन यांच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली. त्याच वर्षी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला, सुझुकीला जाऊन मिळाला, आणि विद्या जपानला पोचली.

करवतीवर ही नळी का बसवत नाहीत? तापलेल्या वायूत लाट सेकंदाला सुमारे ५०० मीटर धावते, दोन मिलिसेकंदांत एक मीटर. जाऊन परत यायचं म्हटलं तर नळी अर्ध्या मीटरच्या आसपास हवी. एवढा रसरसलेला लोखंडी भोपळा घेऊन फांद्यांत कोण शिरणार? टिंबरस्पोर्ट्स या लाकूडतोडीच्या स्पर्धांच्या ‘हॉट सॉ’ प्रकारात मात्र अशा नळ्या दिसतात. तिथे कधी चक्क स्नोमोबाइलचं इंजिन बसवलेली धुडं ४६ सेंटीमीटरच्या ओंडक्याच्या तीन चकत्या दहा सेकंदांच्या आत उडवतात. बघायला अफाट, कामाला निरुपयोगी.

कामाच्या करवतीचा डबा म्हणजे दोन खोलगट पत्रे, आत बहुधा भोकांचा पडदा आणि बाहेर पडायला बोटभर वाट. कारखाना ती वाट अरुंद ठेवतो, कारण त्याला आवाजाचे आणि धुराचे नियम पाळून यंत्र विकायचं असतं. जळका वायू सिलिंडरात तुंबून राहिला की ताज्या मालाला जागा कमी पडते, आणि वरच्या फेऱ्यांत ताकद मार खाते. नवा डबा बांधणारा सुरुवात इथूनच करतो. कारागिरांचा एक ठोकताळा आहे: बाहेरच्या वाटांचं एकूण क्षेत्रफळ पोर्टाच्या पाऊण हिश्शाच्या जरा वर ठेवावं. पोर्ट ४ चौरस सेंटीमीटरचं धरलं तर ३ च्या जरा वर, म्हणजे आतून २० मिलिमीटरची एक नळी. त्यापुढे भोक वाढवत नेलं की ताकद जागच्या जागी राहते आणि गोंगाट तेवढा वाढतो. ड्रिल हातात आल्यावर हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही, आणि गोंगाट वाढला म्हणजे ताकद वाढली असं वाटणारेही पुष्कळ.

नळी कुठे काढायची हा त्याहून अवघड प्रश्न. झोत चालवणाऱ्याच्या हातांपासून दूर, पुढे जायला हवा. शेजारच्या क्लचच्या झाकणावर सतत पडला तर प्लास्टिक वितळतं. सिलिंडरला टेकणारी पट्टी पातळ घेतली तर वेल्डिंगच्या आचेने वाकते आणि गॅस्केट फुंकतं, म्हणून ती पाच-सहा मिलिमीटर जाड घेऊन शेवटी घासून सपाट करतात. थरथरीने बोल्ट सुटणं हे घरगुती सायलेन्सरचं हमखास दुखणं.

मग जाळी. डब्यात साठलेला कार्बन तापून ठिणगी बनून उडतो, आणि कोरड्या रानात तेवढं पुरतं. त्यामुळे अमेरिकेच्या सरकारी जंगलांत ठिणगी अडवणारी जाळी सक्तीची. तिची भोकं ०.५८ मिलिमीटरहून मोठी चालत नाहीत. आता गंमत अशी की एवढ्या बारीक जाळीची तार स्वतःच बरीच जागा अडवते. वीस मिलिमीटरच्या नळीच्या तोंडावर ती ताणली तर मिळवलेलं सगळं गमावलं. जाणकार कारागीर डब्याच्या आतच रुंद जागा करून जाळी तिथे बसवतो, आणि झाकण दोन स्क्रूंवर ठेवतो, कारण ती काजळीने भरणार आणि ब्रशने घासावी लागणार. माझ्या मते डब्याची पारख इथे होते. जाळी काढून फेकणाऱ्याने सायलेन्सर बनवलेला नसतो, मोडलेला असतो.

डबा मोकळा झाला की इंजिन जास्त हवा ओढतं आणि मिश्रण पातळ पडतं. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचं तेल पेट्रोलातूनच येतं, ३७२ मध्ये पन्नासास एक. पातळ मिश्रण म्हणजे तेलही तोकडं. पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने ओरबाडून जाम होतो. म्हणून कार्बोरेटरचा वरच्या फेऱ्यांचा स्क्रू थोडा सोडतात आणि कान देऊन ऐकतात. मोकळ्या पळीत आवाज फाटका, गुरगुरता हवा. साखळी लाकडात शिरताच तो साफ व्हायला हवा. लाकडाबाहेरही साफ किंचाळत असेल तर स्क्रू अजून सोडायचा. हुस्क्वार्नाच्या ऑटोट्यून आणि स्टील (Stihl) कंपनीच्या एम-ट्रॉनिक करवतींत हे काम आता इलेक्ट्रॉनिक्स करतं. धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक डब्यांना हात लावणं तर अमेरिकेत कायद्यानेच मना आहे.

कानाची गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या नायॉश संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. कारखान्यातून आलेली मोठी करवतही शंभराच्या वर ओरडते. १०९ डेसिबलला, कान झाकले नसतील तर, दिवसाला दोन मिनिटंही मिळत नाहीत. डग्लस फरचा एक मोठा बुंधा पाडायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.