चंद्र दिसला, पण कोणाला?

लेखमाला : पडद्यावरचा इस्लाम (लेखांक ६)

२९ मार्च २०२५, शनिवार. त्या दिवशी मोरोक्कोपासून युरोपपर्यंत खंडग्रास सूर्यग्रहण दिसलं. आपल्या घड्याळात दुपारचे साडेचार वाजत असताना अमावस्या संपली, आणि दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात गुढीपाडवा होता. त्याच शनिवारी संध्याकाळी सौदी अरेबियाने रमजाननंतरच्या शव्वाल महिन्याचा चंद्र दिसल्याचं जाहीर केलं आणि रविवारी ईद केली. अबुधाबीच्या इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सेंटरने आधीच बजावलं होतं की त्या संध्याकाळी अरब देशांत कुठूनही, दुर्बिणीतूनसुद्धा, कोर दिसणं शक्य नाही. कतार आणि अमिराती सौदीबरोबर राहिले. इजिप्त, जॉर्डन, मोरोक्को, पाकिस्तान, इंडोनेशिया आणि भारत यांनी सोमवारी ईद केली. मधल्या रात्री फेसबुक-एक्सवर ग्रहणाचे फोटो आणि सौदी घोषणा शेजारी शेजारी ठेवून जे काही चाललं होतं, त्याची कल्पना वाचक करू शकतात.

आता यातलं गणित. आपल्या कालनिर्णयात अमावस्येनंतरच्या एखाद्या चौकोनात ‘चंद्रदर्शन’ असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. आपली प्रतिपदा मात्र त्यासाठी थांबत नाही; सूर्य-चंद्राची युती झाली की ती सुरू. हिजरी महिन्याचं उलट आहे. युती होऊन गेली तरी महिना सुरू होत नाही, सूर्यास्तानंतर पश्चिमेला कोर दिसली तरच होतो. एकोणतिसाव्या संध्याकाळी दिसली नाही तर तीस दिवस पुरे करायचे, हा पैगंबरांचा दंडक. अधिक महिना धरायचा नाही ही कुराणाची आज्ञा, म्हणून वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं आणि रमजान दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकतो.

युतीनंतर चंद्र सूर्यापासून साधारण सात अंश दूर जाईपर्यंत डोळ्यांना कोर दिसूच शकत नाही. फ्रेंच खगोलज्ञ आंद्रे दांजाँ यांच्या नावाने ही मर्यादा ओळखली जाते. त्या शनिवारी मक्केत सूर्य मावळला तेव्हा चंद्राचं वय साडेचार तासांच्या आसपास होतं. पण सौदीत रमजान आणि ईद सर्वोच्च न्यायालय ठरवतं, आणि न्यायालयापुढे विश्वासू माणसाची साक्ष आली की ती मोजली जाते.

मग कॅमेरा लावून प्रश्न मिटवता येत नाही का? कॅमेऱ्याने तर तो जास्तच गुंतवला. ८ जुलै २०१३ ला तिएरी लगो या फ्रेंच छायाचित्रकाराने भर दिवसा, नेमक्या युतीच्या क्षणी, चंद्राची कोर टिपली. म्हणजे यंत्राला ‘न दिसणारा’ चंद्र असा उरलाच नाही. अमिरातींतल्या वेधशाळा आता दिवसाढवळ्या कोरीचे फोटो काढून प्रसिद्ध करतात, आणि २०२५ च्या रमजानसाठी तिथे ड्रोनही आकाशात पाठवायचं ठरलं. पण पडद्यावर, प्रतिमेवर प्रक्रिया करून दिसलेला चंद्र हा ‘पाहिलेला’ चंद्र की मोजलेला, यावर उलेमांचं एकमत नाही. मला हा आक्षेप वरवर वाटतो तितका हास्यास्पद वाटत नाही. डोळ्यांनी पाहण्याची अट काढली, तर मग थेट गणितच का नको, हा पुढचा प्रश्न टाळता येत नाही.

आणि बातमी पोचण्याचा प्रश्न तर टीव्हीपेक्षा फार जुना आहे. ‘सहीह मुस्लिम’ या हदीस संग्रहात कुरैब नावाच्या प्रवाशाची हकिकत येते. तो सीरियातून मदिनेला परतला आणि म्हणाला, तिकडे शुक्रवारी रात्रीच चंद्र दिसला होता. पैगंबरांचे सहकारी इब्न अब्बास यांनी ती बातमी ऐकून घेतली, पण आपण शनिवारी पाहिला आहे, आपण आपलाच हिशेब धरणार, असं सांगितलं. दूरच्या गावचा चंद्र आपल्याला लागू होतो की नाही, यावरचे पुढचे सगळे वाद या एका प्रसंगाभोवती फिरतात. त्यात एक सोय होती: कुरैब येईपर्यंत महिना संपत आलेला असे. मतभेद कळायचाच उशिरा.

तारयंत्राने ती सोय काढून घेतली. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या उलेमांनी तारेवरून आलेल्या चंद्राच्या बातमीवर कडाक्याचा वाद घातला. बरेलीच्या अहमद रझा खान यांचं म्हणणं, ही शहादत, म्हणजे साक्ष, नव्हे: साक्षीदार समोर नाही, आवाज नाही, मध्ये अनोळखी तारमास्तर. दमास्कसचे जमालुद्दीन कासिमी यांनी १९११ मध्ये नेमकी उलटी बाजू घेऊन ग्रंथ लिहिला. आज व्हॉट्सॲपवर ‘चाँद नज़र आ गया’ असा फॉरवर्ड आला की मुंबईच्या जामा मशिदीतली हिलाल कमिटी जी फोनाफोनी करून खातरजमा करते, ती याच वादाची पुढची पायरी. कोणी पाहिला, कुठून पाहिला, त्याला कोण ओळखतं?

पाकिस्तानात हे सगळं टीव्हीवर चालतं. केंद्रीय रुएत-ए-हिलाल (चंद्रदर्शन) कमिटी १९७४ पासूनची, पण पेशावरच्या कासिम अली खान मशिदीतून मुफ्ती पोपलझई अनेकदा वेगळी ईद जाहीर करत आले. २०१९ मध्ये विज्ञानमंत्री फवाद चौधरी यांनी चंद्राचं संकेतस्थळ आणि ॲप काढलं आणि कमिटीची गरजच काय, असं विचारलं. कमिटी काही गेली नाही. २०२१ मध्ये तर तिने ईदची घोषणा रात्री साडेअकराच्या सुमारास केली. बायकांच्या हातावरची मेंदी, शिरखुर्म्याचं दूध, शिंप्याकडचे कपडे, सगळं त्या एका पत्रकार परिषदेवर अडलेलं.

इंडोनेशियाचा प्रकार मला सगळ्यांत बोधप्रद वाटतो. तिथल्या दोन प्रचंड संघटनांपैकी १९१२ ची मुहम्मदिया गणित मानते आणि तारखा कितीतरी आधी जाहीर करते. १९२६ ची नहदतुल उलमा प्रत्यक्ष दर्शन मानते. सरकारचं धर्म मंत्रालय ‘सिदांग इस्बात’ नावाची बैठक घेतं, तिचा निकाल अवघा देश टीव्हीवर पाहतो. किनाऱ्यांवरच्या निरीक्षण केंद्रांवर कोणी चंद्र पाहिला म्हणाला, तर धार्मिक न्यायालयाचा न्यायाधीश त्याला तिथेच शपथ देतो. २०११ मध्ये चाकुंग आणि जेपारा इथून तशा साक्षी आल्याही. सरकारने त्या नाकारल्या, कारण चंद्र क्षितिजावर दोन अंशही नव्हता! दर्शन मानणाऱ्यांनी दर्शन खोडलं, तेही गणिताने. मुहम्मदियाची ईद ३० ऑगस्टला, सरकारची ३१ ला. आणि घरोघरी ओपोर, म्हणजे नारळाच्या दुधातलं कोंबडीचं कालवण, आदल्याच दिवशी शिजून बसलेलं.

त्या वर्षीचा मतभेद बराचसा थट्टेवारीत निभावला. २०२३ मध्ये पुन्हा एक दिवसाचा फरक पडला, तेव्हा सरकारी संशोधन संस्थेतल्या एका शास्त्रज्ञाने फेसबुकवर मुहम्मदियाच्या लोकांना ठार मारण्याची धमकी लिहिली आणि त्याला अटक झाली. वाद खगोलाचा, माणूस शास्त्रज्ञ, आणि तरीही. दोन्ही बाजूंना चंद्राची उंची सारखीच ठाऊक होती. कोणाचा शब्द शेवटचा, यावर भांडण होतं, आणि कमेंटच्या चौकटीत ते चिघळायला वेळ लागत नाही.

तुर्कस्तानने केव्हाच गणित स्वीकारलं आहे, आणि २००६ मध्ये उत्तर अमेरिकेच्या फिक्ह कौन्सिलनेही. पण यात मुंबईकरांना नवं काही नाही. दाऊदी बोहरा फातिमी काळापासूनचं गणिती पंचांग वापरतात. त्यांचा रमजान कायम तीस दिवसांचा, आणि त्यांची ईद बहुधा इतरांच्या एक-दोन दिवस आधी. भेंडी बाजारात एका गल्लीत ईदच्या गळाभेटी चालू असतात, तेव्हा पलीकडच्या गल्लीत अजून रोजा सुटायचा असतो. तिथे यावरून एक्सवर कोणी हॅशटॅग चालवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

(पुढील लेखांकात : रमजानच्या रात्री आणि इजिप्तच्या टीव्ही मालिका)