शालान्त वर्ष आणि पुढील वाट

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर वसलेल्या नृसिंहवाडीच्या रहिवाशांना पाण्याची चाहूल घेण्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. पावसाळ्यांत नदी घाटाची एकेक पायरी चढूं लागली, कीं पेढे-बासुंदीच्या दुकानांतील भांडीं वर जातात, धान्याचीं पोतीं माडीवर चढतात, देवाची उत्सवमूर्तिहि उंच जागीं हलविली जाते. पाणी दारांत आल्यावर पाहूं, असें तेथें कोणी म्हणत नाहीं. परंतु त्याच घरांतील मुलगा अगर मुलगी दहावीच्या वर्गांत गेली, म्हणजे मात्र वडीलमाणसें म्हणतात, “निकाल तर लागूं द्या, मग बघूं.” पुराविषयीं जी दूरदृष्टि दिसते, ती मुलांच्या भवितव्याविषयीं कां दिसूं नये?

निकालानंतर विचार करण्यास वेळ पुरत नाहीं, हें खरेंच. पण त्याहून महत्त्वाचें कारण निराळें आहे. शालान्त परीक्षेनंतरच्या वाटा सारख्या नसतात. कांहीं वाटांवरून मागें फिरतां येतें, कांहींवरून येत नाहीं. विज्ञान घेऊन बारावी झालेल्या विद्यार्थ्यास पुढें कला, वाणिज्य किंवा कायदा यांकडे वळतां येतें. कला शाखेंतून बारावी झालेल्यास अभियांत्रिकीचें वा वैद्यकाचें दार उघडत नाहीं. विज्ञानांतहि गणित सोडलें कीं अभियांत्रिकी दुरावते आणि जीवशास्त्र सोडलें कीं वैद्यक दुरावतें. अकरावीच्या अर्जावर एका विषयापुढें केलेली खूण अशी दूरवर पोंचते. मात्र दार उघडें राहावें एवढ्याच हेतूनें, मुलाला गोडी नसतांना त्याच्यावर विज्ञान लादणें हेंहि शहाणपणाचें नव्हे. सनदी लेखापालाच्या प्रवेशपरीक्षेस किंवा पांच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमास कोणत्याहि शाखेंतून बारावी झालेला विद्यार्थी बसूं शकतो.

दुसरी वाट तंत्रनिकेतनाची. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेतलेल्यास अभियांत्रिकीच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षांत थेट प्रवेश मिळूं शकतो. घरची ओढग्रस्त असेल तर पदविकेवर नोकरीहि धरतां येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतील एक-दोन वर्षांचें शिक्षण तर हातास लौकर काम देतें. ज्या मुलुखांत शेजारीं इचलकरंजीचे माग अहोरात्र चालतात, तेथें हातांतील कसब कमी प्रतीचें मानण्याचें कारण नाहीं. सांगलीस विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आहे. मिरजेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कोल्हापुरास १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आहे. वाडीच्या मुलास मोठ्या शहराची वाट धरण्यापूर्वीं या आसपासच्या संस्था एकदां डोळ्यांनीं पाहतां येतील.

ही पाहणी दिवाळीच्या सुटींत करावी. मुलानें आठ दिवस एखाद्या हिशेबनिसाजवळ, यंत्रशाळेंत अगर दवाखान्यांत बसून तेथील काम पाहावें. डॉक्टर व्हावयाचें, असें म्हणणें सोपें. रात्रीं-बेरात्रीं उठावें लागतें, हें पाहिल्यावर तें म्हणणें टिकतें कीं नाहीं तें कळतें.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. शाळेच्या नोंदींतील नांव अगर जन्मतारीख चुकलेली असल्यास ती शाळा सोडण्यापूर्वींच दुरुस्त करून घ्यावी. दाखला हातीं आल्यावर तें काम फार अवघड होतें. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून मिळतो, जातीचा प्रांताधिकाऱ्यांकडून. इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा पुरावा लागतो. म्हणून आजोबांच्या शाळेचा जुना दाखला अशा वेळीं लाखमोलाचा ठरतो, आणि तो शोधण्यास महिने लागतात. ऑगस्ट १९ व जुलै २१ हीं दोन सालें, म्हणजे २०१९ आणि २०२१, वाडीकर विसरणार नाहींत. ज्या घरांत पाणी शिरलें त्यांतील कागदांचें काय झालें असेल तें सांगावयास नको. पुराचे आणि प्रवेशाचे दिवस लागूनच येतात. तेव्हां मूळ कागद मेणकापडांत गुंडाळून माडीवर ठेवावे आणि त्यांच्या प्रति निराळ्या गांवच्या नातलगाकडे ठेवाव्या.

अकरावीचे प्रवेश २०२५ पासून साऱ्या महाराष्ट्रांत ऑनलाइन एकाच पद्धतीनें होऊं लागले. त्यांत महाविद्यालयांचा पसंतीक्रम लिहून द्यावा लागतो, आणि पहिल्या पसंतीचें महाविद्यालय मिळालें तर तेथेंच प्रवेश घेणें भाग पडतें. म्हणून पहिलें नांव केवळ कीर्ति ऐकून लिहूं नये, जाण्यायेण्याची एस. टी. आणि खर्च यांचा हिशेब आधीं करावा.

सर्वांत नाजूक प्रश्न मुलींचा. “इतका खर्च मुलीवर कशाला?” हें वाक्य अजूनहि घराघरांत दबल्या आवाजांत बोललें जातें. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागास आणि आर्थिक दृष्ट्या दुर्बल गटांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षण व परीक्षा शुल्क शासनानें २०२४ सालीं पूर्ण माफ केलें. तेव्हां शुल्काची सबब पुष्कळ घरांपुरती तरी उरलेली नाहीं. उरली असेल तर ती मनाची आहे. याच जिल्ह्यांत शाहू महाराजांनीं १९०१ मध्यें व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलें, पुढें अनेक जातिजमातींसाठीं वसतिगृहें उभीं केलीं आणि १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. खेड्यांतील मुलाला बुद्धि आहे, शहरांत राहावयास जागा मात्र नाहीं, ही अडचण त्यांनीं ओळखली होती. आजच्या आईबापांनीं आपल्या मुलीची अडचण तितक्याच आपुलकीनें ओळखावी.

शेवटीं एक गोष्ट. गुणांचा अंदाज चुकूं शकतो. म्हणून घरांत बसून दोन वाटा ठरवाव्या, एक मनाजोगी आणि दुसरी पत्करण्याजोगी. दुसरी वाट आधींच ठरलेली असली म्हणजे निकालाच्या दिवशीं घरांत रडारड होत नाहीं, आणि मुलाला, आपण आईबापांच्या मनांतून उतरलों, असें वाटत नाहीं. नदीला पूर येऊं नये, हें कोणाच्या हातीं नाहीं. पोतीं वेळेवर माडीवर चढविणें मात्र हातचें आहे.