सूर्यासाठी स्थळ पाहताना

उपवर मुलीसाठी स्थळे पाहावयाची म्हटली की आपल्या घरांतून वडीलधाऱ्यांच्या दोन बैठका होतात. पहिल्या बैठकीत नकार ठरतात : सगोत्र नको, व्यसनी नको, कर्जबाजारी नको. दुसऱ्या बैठकीत उरलेल्या स्थळांचा क्रम लागतो : शिक्षण मोठे की घरची शेती, स्वभाव आधी की पगार? माळव्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांत ‘पुण्यास द्यावयाची की इंदुरातच’ हा प्रश्नही त्यात हटकून असतो. सौरऊर्जेच्या प्रकल्पासाठी जमीन निवडण्याचे शास्त्र आम्ही वाचू लागलो, तेव्हा या दोन्ही बैठका तेथेही भरतात हे पाहून आम्हांस मोठी मौज वाटली.

विषय आता आपल्या दाराशी आलेला आहे. रीवा जिल्ह्यातील गुढ तहसिलीत ७५० मेगावॅटचा सौर प्रकल्प २०२० च्या जुलैमध्ये राष्ट्रास अर्पण झाला. त्याच्या विजेचा काही भाग दिल्लीच्या मेट्रोस जातो. इंदूरकरांस तर जलूद हे नाव तोंडपाठ. नर्मदेचे पाणी तेथून पंपांनी उचलून शहरास आणावे लागते आणि त्या विजेचा खर्च भारी आहे. महापालिकेने २०२३ साली २४४ कोटी रुपयांचे हरित कर्जरोखे काढले, ते तेथील ६० मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठीच.

एक मेगावॅट विजेस साधारण चार ते पाच एकर जमीन लागते. म्हणजे प्रश्न सूर्याचा नसून जमिनीचा आहे. ती कोठे निवडावी? पहिल्या बैठकीत वने, जलाशय, वस्ती, ओलिताची शेती ही सर्व वगळावयाची. दुसऱ्या बैठकीत ऊन, जमिनीचा उतार, वीज-उपकेंद्राचे अंतर, रस्ता, काचपट्ट धुण्यास पाणी, हे निकष तोलावयाचे. नुसते कडक ऊन असून भागत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे. पट्टाचे तापमान २५ अंशांच्या वर चढू लागले की दर अंशामागे त्याची वीज सुमारे ०.४ टक्क्याने घटते.

प्रत्येक निकषाचा एक नकाशा काढून ते एकावर एक ठेवावयाचे, ही मूळ कल्पना. अमेरिकेत इयन मॅकहार्ग यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात पारदर्शक नकाशांची ही रीत मांडली. त्याच दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी नकाशे संगणकात घातले आणि भौगोलिक माहिती प्रणालीचा पाया घातला. निकष तोलण्याची रीत थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात दिली. सर्व निकष एकदम न तोलता दोन-दोनांची जोडी घ्यावयाची आणि एक दुसऱ्याहून किती महत्त्वाचा, याला १ ते ९ पर्यंत गुण द्यावयाचे.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गाकडून आम्ही हा प्रयोग करविला. संगणक नव्हता, पारदर्शक कागद आणि वर्गाची उन्हाची खिडकी होती. आपल्या तहसिलीचे सहा नकाशे मुलांनी उतरविले. पहिलाच बोध असा झाला की, एका तहसिलीत ऊन सर्वत्र जवळपास सारखेच, म्हणून निवडीत त्याचा उपयोग नाही. मग वीजवाहिनीची जवळीक उताराच्या ३ पट महत्त्वाची आणि उतार रस्त्याच्या २ पट, असे वर्गाने ठरविले. पण वाहिनी आणि रस्ता यांची जोडी आली तेव्हा मुले म्हणाली, ‘दोन्ही सारखेच!’ फळ्यावर आम्ही दाखविले की, आधीच्या उत्तरांनुसार ते ६ पट यावयास हवे. आपल्याच बोलण्यातील विसंगती अशी पकडता येणे, हे साटींच्या रीतीचे खरे मोल. मुलांनी उत्तर सुधारले. शंभरापैकी वाहिनीस ६७, उतारास २२ आणि रस्त्यास ११ असा भार निघाला.

कागद एकावर एक ठेवून खिडकीशी धरले. नदीकाठच्या सपाटीवर एक स्वच्छ पांढरा तुकडा उरला. नकाशात तो ‘पडीत’ होता. वर्गाने टाळ्या वाजविल्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र उठून उभा राहिला आणि म्हणाला, “सर, तिथे आमच्या शेळ्या चरतात. ती पडीत नाही, गावाची चरनोई आहे.”

वर्ग स्तब्ध झाला आणि आम्हीही. सहा नकाशांपैकी एकातही शेळ्या नव्हत्या, आणि आमच्याही ध्यानी त्या आल्या नव्हत्या.

ही चूक केवळ आमच्या वर्गाची नव्हे. देशाची सौरक्षमता ७४८ गिगावॅट असल्याचा जो शासकीय अंदाज प्रसिद्ध आहे, तो पडीक जमिनीपैकी ३ टक्के जमीन पट्टांखाली जाईल असे धरून केलेला आहे. उपग्रहास गवत विरळ दिसते, पीक दिसत नाही; पण त्या गवतावर कोणाचे घर चालते हे आकाशातून कसे दिसावे? कर्नाटकातील पावगडा येथे शेतकऱ्यांच्या सुमारे १३,००० एकर जमिनी विकत न घेता भाडेपट्ट्याने घेतल्या. मालकांस वार्षिक भाडे मिळू लागले, ही चांगलीच गोष्ट. परंतु ज्याच्या नावे जमीनच नाही, त्या मजुराच्या वा धनगराच्या हाती भाडेपट्ट्यातून काय यावे?

आम्ही प्रयोग तेथेच थांबविला नाही. मुलांनी दोन रविवार गावात हिंडून म्हाताऱ्यांना आणि गुराख्यांना विचारले : ढोरे कोठून कोठे जातात, सरपण कोठून येते, पावसाळ्यात पाणी कोठे साठते. त्यावरून सातवा कागद तयार झाला. तो ठेवताच पांढरा तुकडा गेला आणि उत्तरेकडील खडकाळ उतारावर दुसरा उरला. तेथून उपकेंद्र दूर, म्हणून गुण कमी. ‘आता वीज महाग पडेल’, असे एका मुलीने बजावले, ते खरेच आहे. तरीही वर्गाने तेच स्थळ पसंत केले.

वाचकहो, सौर प्रकल्प हवेतच. नर्मदेचे पाणी कोळशाच्या विजेवर चढवीत राहणे शहाणपणाचे नव्हे. गुणभारांचे गणितही उत्तम आहे. फक्त कोणते निकष मांडावयाचे, हे गणित सांगत नाही, ते माणसांनीच सांगावयाचे असते. पूर्वी वडीलधारे स्थळ ठरवीत आणि मुलीस शेवटी कळवीत. आज आपण तिला आधी विचारतो आणि त्यात आपले काही उणे झालेले नाही. जमिनीस बोलता येत नाही. तिच्यावर जगणाऱ्यांस येते. तो मुलगा उठून उभा राहिला नसता, तर आमच्या त्या सुंदर नकाशास आम्ही पूर्ण गुण दिले असते.