मोबाईलवरील 'विमानाचा' जुगार : हिशेब कोणाच्या बाजूचा?

मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तारकर्लीचे पर्यटनही पावसाळ्यात थंडावते. होड्या ओढून ठेवलेल्या, जाळी विणायला काढलेली, हाती रिकामा वेळ आणि खिशात हंगामाची शिल्लक. ही शिल्लक म्हणजे पुढच्या हंगामाचे डिझेल, बर्फ, जाळी आणि खलाशांची उचल. हेच भांडवल आज मोबाईलवरच्या एका खेळाकडे वळण्याचा धोका आहे. या खेळात पडद्यावर एक विमान उडते आणि त्यासोबत एक आकडा वाढत जातो. मैसिर म्हणजेच जुगार हराम आहे, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. येथे आपण फक्त व्यापाऱ्याच्या नजरेने त्याचा हिशेब पाहू.

खेळ कसा चालतो?

डाव सुरू होण्यापूर्वी खेळणारा रक्कम लावतो. विमान उडाले की आकडा १.०० पासून वर सरकू लागतो. १.२०, १.५०, २.००, कधी १०, क्वचित १०० च्याही पुढे. विमान पडद्यावरून नाहीसे होण्याआधी बटण दाबले तर लावलेल्या रकमेला त्या आकड्याने गुणून पैसे मिळतात. १०० रुपये लावून २.०० वर बाहेर पडलात तर २०० रुपये. बटण दाबण्याआधी विमान निघून गेले तर सगळे गेले. एक डाव काही सेकंदांत संपतो आणि लगेच दुसरा सुरू होतो.

हा प्रकार प्रथम २०१४ च्या सुमारास बिटकॉइनवर चालणाऱ्या जुगारात आला. जॉर्जिया देशातील स्प्राइब या कंपनीने २०१९ मध्ये 'एव्हिएटर' नावाने त्याला विमानाचे रूप दिले. त्यानंतर त्याच्या असंख्य नकला निघाल्या.

तीन टक्क्यांची मेख

एव्हिएटरची कंपनी स्वतःच सांगते की लावलेल्या रकमेपैकी सरासरी ९७ टक्के खेळणाऱ्यांना परत जाते. म्हणजे ३ टक्के चालवणाऱ्याचे. ते कसे निघतात ते पाहा. विमान एखाद्या आकड्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता ०.९७ भागिले तो आकडा, इतकी ठेवलेली असते. २ पर्यंत पोहोचण्याची शक्यता त्यामुळे ५० टक्के नसून ४८.५ टक्के असते. १० पर्यंतची ९.७ टक्के.

समजा १,००० डाव प्रत्येकी १०० रुपयांचे खेळले. एकूण लावले १ लाख रुपये. दरवेळी १.२५ वर उतरायचे ठरवले तर सरासरी ७७६ डाव जिंकाल, प्रत्येकी १२५ रुपये. हाती ९७,०००. दरवेळी २ वर उतरायचे ठरवले तर ४८५ डाव, प्रत्येकी २०० रुपये. हाती पुन्हा ९७,०००. १० वर उतरायचे ठरवले तर ९७ डाव, प्रत्येकी १,००० रुपये. तरीही ९७,०००. लवकर उतरणारा सावध आणि उशिरा उतरणारा धाडसी, एवढाच काय तो फरक. ३,००० रुपये दोघांचेही जातात. बटण आपल्या हातात असल्यामुळे खेळ आपल्या हातात आहे असे वाटते, पण सरासरी तोटा बटणाने बदलत नाही.

मटक्याशी तुलना

आपल्या भागाला मटका अपरिचित नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे भाव मुंबईत यायचे, त्यांच्या आकड्यांवर पैजा लागायच्या. ते बंद पडल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी मुंबईत आकड्यांचा मटका सुरू केला. तो पुढे कोकणातल्या बाजारपेठांपर्यंत पोहोचला. मटक्यात दहापैकी एका आकड्यावर रुपया लावला तर साधारणपणे नऊ रुपये मिळतात. म्हणजे शंभरामागे दहा रुपये बुकीचे.

वरवर पाहता दहा टक्क्यांपेक्षा तीन टक्के बरे. नेमकी येथेच फसगत होते. मटक्याचा बाजार दिवसातून ओपन आणि क्लोज असा दोनदा लागतो. दोन्हीवर शंभर शंभर लावले तर सरासरी तोटा दिवसाला २० रुपये. विमानाचा एक डाव २० सेकंदांचा धरला तर तासाला १८० डाव होतात. १०० रुपयांच्या हिशेबाने उलाढाल १८,००० रुपये आणि सरासरी तोटा तासाला ५४० रुपये. खेळणाऱ्याच्या खात्यात एवढे १८,००० कधीच नसतात. तेच दोन-चार हजार फिरत राहतात आणि प्रत्येक फेरीला तीन टक्के झिजतात. संपूर्ण रक्कम २३ वेळा फिरली की सरासरीने निम्मी उरते.

किराणा दुकानदाराला हे लगेच समजेल. कमी मार्जिन आणि मोठी उलाढाल, हे त्याचेच तत्त्व. फरक इतकाच की दुकानातून गिऱ्हाईक साखर आणि तांदूळ घेऊन जाते. येथे गिऱ्हाईकाच्या हाती काही पडत नाही.

दुप्पट लावण्याची 'युक्ती'

हरल्यावर दुप्पट लावा, एकदा जिंकलात की सगळे वसूल, असा सल्ला दिला जातो. ५० रुपयांपासून सुरुवात करून २ वर उतरायचे ठरवले आणि सलग सात डाव हरले, तर ५०, १००, २००, ४००, ८००, १,६०० आणि ३,२०० मिळून ६,३५० रुपये गेले. आठव्या डावाला आणखी ६,४०० रुपये हवेत आणि तो जिंकला तरी एकूण फायदा ५० रुपयांचाच. सलग सात हरणे दुर्मिळ वाटते. पण १८० डावांच्या एका तासात अशी माळ एकदा तरी लागण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक आहे. पन्नास पन्नास रुपये बरेचदा मिळतात आणि एकाच फटक्यात सगळे जाते.

'आधीच आकडा सांगतो' म्हणणारे

टेलिग्रामवर विमान कुठे थांबेल ते सांगणारी ॲप विकली जातात. ही निव्वळ फसवणूक आहे. मूळ खेळात चालवणाऱ्याचा एक गुप्त संकेत आणि डावातल्या पहिल्या तीन खेळणाऱ्यांचे संकेत मिळून निकाल ठरतो. गुप्त संकेताचा ठसा आधी जाहीर केलेला असतो, त्यामुळे नंतर पडताळणी करता येते. ठशावरून संकेत उलटा काढता येत नाही, म्हणून निकाल आधी सांगता येत नाही. या पडताळणीने एवढेच सिद्ध होते की चालवणाऱ्याने मध्येच आकडा बदलला नाही. तीन टक्के तो प्रामाणिकपणेच घेतो. नकली ॲपमध्ये तर ही पडताळणीही नसते. तेथे आकडा मागे बसलेल्या माणसाच्या मर्जीवर, आणि जिंकलेले पैसे परत देणेही त्याच्याच मर्जीवर.

कायदा आणि बँक खाते

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. शेजारच्या गोव्यात कॅसिनोला परवाना मिळतो म्हणून बांद्याच्या अलीकडे तो लागू होत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा स्वतंत्र कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो नशिबाचा असो वा कौशल्याचा, चालवणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

पैसे बुडाल्यास दाद कोठे मागणार? १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करारच रद्दबातल आहे. जिंकलेल्या रकमेसाठी दिवाणी दावा लावता येत नाही.

व्यापाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जपावी. अशा ॲपवर भरणा अनेकदा अनोळखी माणसांच्या बदलत्या यूपीआय खात्यांवर घेतला जातो. त्यासाठी टक्केवारी देऊन तरुणांची बँक खाती वापरायला मागतात. ज्याचे खाते, त्याच्यावर चौकशी येते. त्या साखळीतला पैसा मासळी किंवा मालाच्या बिलापोटी आपल्या खात्यात आला तरी पोलिसांच्या सूचनेवरून रक्कम गोठवली जाऊ शकते. तेव्हा आपले खाते, सिमकार्ड वा क्यूआर कोड कोणालाही वापरायला देऊ नये. अनोळखी खात्यातून बिलाची रक्कम आली तर पावती व बिल जपून ठेवावे. फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितका पैसा पुढच्या खात्यात सरकतो.

धंद्यात जोखीम असतेच, मग यात वेगळे काय, असे काहीजण विचारतात. रापण ओढणाऱ्यांनाही जाळ्यात काय येईल ते ठाऊक नसते. पण रापणीत मासळी आली तर ती समुद्रातून येते, ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो आणि बाजारात कोणाचे तरी जेवण होते. विमानाच्या खेळात नवे काहीच येत नाही. एकाचे गेलेले दुसऱ्याला मिळते आणि मधले तीन टक्के तिसऱ्याचे होतात. ज्या घरात हंगामाची शिल्लक मोबाईलमध्ये आहे, तेथे घरातल्या जाणत्यांनी तरुणांसोबत बसून वरचा १,००० डावांचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. ती शिल्लक ऑगस्टमध्ये होडीला लागणार आहे.