एथ्निक स्टडीज : थोडक्यात ओळख

विषय काय? अमेरिकेतील वांशिक समुदायांचा इतिहास, साहित्य, स्थलांतर, कायदे आणि हक्कांचे लढे यांचा आंतरविद्याशाखीय अभ्यास.

चार मुख्य शाखा : कृष्णवर्णीय, चिकानो (मेक्सिकन-अमेरिकी)-लॅटिनो, मूलनिवासी आणि आशियाई-अमेरिकी अभ्यास.

ठळक टप्पे

- १९६८-६९ : सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात नोव्हेंबर ते मार्च या विषयाच्या मागणीसाठी विद्यार्थ्यांचा संप. नेतृत्व ब्लॅक स्टुडंट युनियन आणि थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंटचे. जानेवारी १९६९पासून बर्कलीतही संप.
- १९६९ : सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये स्वतंत्र विद्याशाखा, बर्कलीत विभाग.
- २०१० : अ‍ॅरिझोनाचा शाळांतील अशा अभ्यासक्रमांवर निर्बंध घालणारा कायदा. परिणामी टूसॉनच्या शाळांतील मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम बंद. २०१७मध्ये संघीय न्यायालयाने ही कारवाई घटनाबाह्य ठरवली.
- २०२० : कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत पदवीसाठी विषय सक्तीचा करणारा कायदा.
- २०२१ : कॅलिफोर्नियातील सरकारी माध्यमिक शाळांसाठी कायदा. २०२९-३०च्या तुकडीपासून एका सत्राची अट. मात्र अंमल राज्याच्या निधीतरतुदीवर अवलंबून.

फरक लक्षात घ्या

- एरिया स्टडीज : परदेशांचा, प्रदेशांचा अभ्यास. एथ्निक स्टडीज : मुख्यतः देशांतर्गत समुदायांचा.
- बहुसांस्कृतिक शिक्षण : सर्व विषयांतून विविधतेची दखल. एथ्निक स्टडीज : स्वतंत्र ज्ञानशाखा.

भारतीय दुवा : अमेरिकेतील भारतीय स्थलांतरितांची ब्रिटिशविरोधी गदर चळवळ (१९१३) आणि भगतसिंग थिंड खटला (१९२३) हे आशियाई-अमेरिकी अभ्यासातील महत्त्वाचे विषय. थिंड यांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘श्वेतवर्णीय’ मानण्यास नकार दिला आणि नागरिकत्व नाकारले. विदर्भातील वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदरच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांपैकी एक.