गर्भिणीचा चौथा-पांचवा महिना

चोरओटी आटोपते, ओकाऱ्या थांबतात, सूनबाई पुन्हां घरांत हिंडूंफिरूं लागते आणि वडीलधारीं माणसें समाधानानें म्हणतात, “सुटली बाई एकदाची!” पुढें सातव्या महिन्यांत डोहाळजेवणाची गडबड सुरूं होईपर्यंत तिच्याकडे विशेष लक्ष पुरविण्याचें कारण कोणासच दिसत नाहीं. वस्तुतः ज्या काळास आपण निर्धास्तपणाचा समजतों, त्याच काळांत तिच्या देहावर एक मोठा बोजा चढूं लागलेला असतो. तो बाहेरून दिसत नाहीं, एवढेंच.

प्रथम गर्भाची हकीकत पाहूं. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजल्यास चौदाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाचे मुख्य अवयव घडून चुकलेले असतात. पुढील काम मुख्यतः वाढीचें व परिपक्वतेचें. या वेळीं त्याची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी ८ ते ९ सेंटिमीटर असते. विसाव्या आठवड्यास ती सुमारें १६ सेंटिमीटर होते आणि वजन ३०० ग्रॅमच्या घरांत जातें. अंगावर कोवळी लव येते, बोटांच्या टोंकांवर रेषा उमटतात. तो जांभई देतो, मूठ वळतो, भोंवतालचें गर्भजल गिळतो. त्याची हालचाल पुष्कळ आधींच सुरूं झालेली असली, तरी पहिलटकरणीस ती बहुधा अठराव्या ते विसाव्या आठवड्यांत जाणवते. दुसऱ्या खेपेस कांहींशी लवकर. म्हणून शेजारणीच्या अनुभवाशीं तुलना करून घाबरूं नये.

आतां आईकडे वळूं. सोळाव्या आठवड्यास गर्भाशय ओटीपोटाचें हाड व बेंबी यांच्या मध्यावर येतो, तर विसाव्यास बेंबीपाशीं पोंचतो. रक्तदाब किंचित् उतरतो. त्यामुळें एकदम उठतांना घेरी येण्याचा संभव असतो. परंतु सर्वांत महत्त्वाचा फरक रक्तांत होतो. गर्भारपणांत रक्ताचें एकूण प्रमाण हळूहळू जवळजवळ दीडपट होतें. त्यांतील पातळ भाग तांबड्या पेशींपेक्षां अधिक वाढत असल्यानें रक्त थोडेंसें विरळ होणें स्वाभाविकच आहे. मात्र जिच्या शरीरांत लोहाचा सांठाच कमी, तिला पांडुरोग गांठतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील गर्भवतींपैकीं शेंकडा ५२ स्त्रियांना हा विकार आढळला. त्यानें मातेस थकवा येतो, मूल कमी वजनाचें किंवा अपुऱ्या दिवसांचें होण्याचा धोका वाढतो, आणि प्रसूतीच्या वेळचा रक्तस्राव तिच्या जिवावर बेतूं शकतो.

या विकाराच्या इतिहासांत मुंबईचें नांव कायमचें कोरलेलें आहे. १९२८ सालीं इंग्लंडमधील डॉ. लूसी विल्स मुंबईस आल्या आणि गरीब, विशेषतः गिरण्यांत काम करणाऱ्या गर्भवतींच्या तीव्र पांडुरोगाचा त्यांनीं अभ्यास केला. त्या स्त्रियांचा आहार निकृष्ट होता. यीस्टचा अर्क देतांच त्या सुधारूं लागल्या. हा निष्कर्ष १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. त्या अर्कांतील गुणकारी घटक म्हणजे फॉलिक आम्ल. तें १९४१ सालीं पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें. रोगाचें मूळ ताटांतील उणिवेंत होतें, हें या शोधानें दाखवून दिलें.

आपल्या घरांत अन्नाची वाण नसते. वाण असते ती वांटणीची. अजूनहि कित्येक घरांत सून सर्वांच्या मागून जेवते, आणि तोंवर उसळ संपून रस्सा व पालेभाजी संपून देठ उरलेले असतात. “दोन जिवांची” म्हणून तिनें दुप्पट जेवण्याची गरज नाहीं. सकस व वेळेवर जेवण्याची आहे. शाकाहारांतील लोह अंगीं कमी लागतें; म्हणून कडधान्यें व पालेभाजी यांच्यासह लिंबू किंवा आंवळा असावा, आणि जेवणालगत चहा नसावा.

केवळ आहारावर मात्र विसंबूं नये. शासनाच्या योजनेप्रमाणें चौथ्या महिन्यापासून ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली गोळी रोज, निदान १८० दिवस, आणि प्रसूतीनंतर पुन्हां तितकेच दिवस घ्यावयाची असते. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर न घेतां वेगळ्या वेळीं घ्यावी. लोहानें शौचास काळें होतें. त्यास भिऊन गोळी थांबवूं नये. “गोळ्यांनीं मूल काळें होतें” ही समजूत तर सर्वस्वीं खोटी आहे. रक्ततपासणींत हिमोग्लोबिन ११ च्या खालीं आल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अठराव्या ते विसाव्या आठवड्यांतील सोनोग्राफी गर्भाचे अवयव पाहण्यासाठीं असते, “मुलगा कीं मुलगी?” हें विचारणें १९९४ च्या कायद्यानें गुन्हा आहे. रक्तस्राव, पाणी जाणें, असह्य पोटदुखी किंवा ताप यांपैकीं कांहींहि झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें.

सासूबाईंना एवढीच विनंति कीं, ओटी भरण्यासाठीं सातव्या महिन्याची वाट पाहूं नका. आजच सुनेस पहिल्या पंगतीस बसवा आणि तिच्या पानांत उसळ आपल्या हातानें वाढा. डोहाळजेवणाच्या हिरव्या चुड्याची शोभा तिच्या अंगांतील रक्तानेंच वाढणार आहे.