चाळीसपैकी अठ्ठावीस

कुंडली पाहून मूल हुशार निघेल की नाही, हे सांगता येतं का? घरोघरी यावर वाद रंगतात आणि चहाबरोबर संपतात. २००८ साली पुण्यात मात्र याची रीतसर परीक्षा झाली. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि एके काळी स्वतः पत्रिका पाहणारे प्रकाश घाटपांडे यांनी ती घेतली.

समितीच्या कार्यकर्त्यांनी २०० मुलांचे जन्मतपशील गोळा केले. त्यांतली १०० मुलं शाळेत हुशार म्हणून ओळखली जाणारी, तर १०० बौद्धिक अक्षमता असलेली. कुंडल्या मांडल्या, प्रत्येकीला सांकेतिक क्रमांक दिला आणि कुठली कुंडली कोणाची, हे गुपित पुणे विद्यापीठात बंदोबस्तात ठेवलं. ज्योतिष्यांना ते ठाऊक नव्हतंच, पण परीक्षा घेणाऱ्यांनाही नव्हतं! या प्रयोगातली मला सर्वांत देखणी वाटते ती हीच गोष्ट. शंका घेणाऱ्यांनी आधी स्वतःचे हात बांधून घेतले. नाहीतर त्यांचाही कल कळत-नकळत निकालात उतरला असता.

भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिष्याला ४० कुंडल्या मिळाल्या. डोळे मिटून ‘हुशार’, ‘नाही’ असं लिहीत गेलं, तरी सरासरी २० उत्तरं बरोबर येणारच. मग किती आली तर विद्या मानायची? संख्याशास्त्राने उंबरठा ठरवला: २८. नुसत्या नशिबाने २८ किंवा अधिक उत्तरं बरोबर येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही थोडी कमी आहे.

२७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के निघालं. सर्वांत यशस्वी ज्योतिष्याची २४ उत्तरं बरोबर होती.

चोवीस! ऐकायला बरे वाटतात. पण २७ माणसांना ४०-४० वेळा नाणं उडवायला लावा आणि छापा की काटा ते आधी ओळखायला सांगा. त्यांच्यातल्या कोणाची तरी २५ किंवा जास्त उत्तरं बरोबर येण्याची शक्यता जवळजवळ नव्वद टक्के भरते. गर्दी मोठी असली की नशीबच एखाद्याला पंडित करून दाखवतं. आपण नेमकं त्या एकाचंच नाव लक्षात ठेवतो आणि इतरांना विसरून जातो.

हे गणित आठवीच्या मुलांना सहज कळेल. वर्गात नाणी उडवायला फार तर एक तास लागतो. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे राज्यघटनेने नागरिकाचं कर्तव्य म्हणून सांगितलं आहे. मुलं ते वाक्य पाठ करतात, पण ती दृष्टी हाताला कशी लागते हे त्यांना कोणी करून दाखवत नाही, याची मला फार खंत वाटते.

घरीही करून पाहा. ‘देवगडचा हापूस मी डोळे झाकून ओळखतो’ असं म्हणणारे काका प्रत्येक कुटुंबात असतात. देवगडच्या आणि कर्नाटकातल्या हापूसच्या सारख्या पिकलेल्या, सारख्या गार फोडी घ्या. दहा वेळा नाणं उडवून दहा बशांचा क्रम ठरवा, चिठ्ठी पाकिटात बंद करा. बशा पुढे करणारा माणूस वेगळा हवा, आणि कुठल्या बशीत काय आहे हे त्यालाही ठाऊक नको. किती बरोबर आल्या तर मानायचं, हे पहिली फोड तोंडात जाण्याआधी कागदावर लिहा. दहापैकी नऊ ठेवा. नुसत्या अंदाजाने नऊ किंवा दहा जमण्याची शक्यता जेमतेम एक टक्का आहे. काकांनी नऊ ओळखल्या, तर पुढच्या मोसमात पेटी त्यांनाच निवडू द्या.